मऊ जमीन

"तिथं नको, ताई. तिकडं लाकूड नाही," मिस्त्री म्हणाला, आणि ताईचा उचललेला पाय उंबऱ्यावरच अडकला.

सकाळपासून ती चालत होती. भावाच्या नव्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, खिडक्यांना काचा लागल्या होत्या, आणि खाली जाड तुळयांवर प्लायवूडचे तक्ते ठोकून झाले होते. त्यावर आता लाकडी फळ्यांची खरी जमीन बसायची होती. पण खालचा तक्ता कुठं सैल राहिला तर वरची जमीन जन्मभर कुरकुरते, आणि ती कुरकुर ऐकायला मिस्त्रीचे कान उरले नव्हते. यंत्राच्या करवतीच्या आवाजानं डावा कान साफ गेला होता, उजवा निम्मा. म्हणून आधी नुसतीच देखरेखीला येऊन बसणाऱ्या ताईला त्यानं एके दिवशी विचारलं होतं की बसल्याबसल्या कंटाळता, त्यापेक्षा जरा चालून दाखवाल का. तेव्हापासून ती चपला काढून, पायात मोजे घालून, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पाऊल-पाऊल जाई. कुठं बारीक करकर झाली की थांबे. मिस्त्री तिथं खडूनं फुली मारी, गुडघे मोडून बसे आणि स्क्रू पिळी. मग ती पुन्हा त्याच जागी उभी राहून अंगाचा भार या पायावरून त्या पायावर टाकी, आणि मान हलवून सांगे की गेला आवाज. निवृत्त झाल्यापासून इतकं मन लावून तिनं काही केलं नव्हतं. उभा जन्म तिनं कानांवरच काढला होता. एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोनवर ती बसायची. माणूस नुसता 'हॅलो' म्हणाला तरी त्याला कोणता विभाग हवा आहे, बाळंतिणीचा की अपघाताचा, हे तिला कळायचं. त्या कानांना एवढ्या वर्षांनी पुन्हा काम मिळालं होतं, आणि एकेक खोली मुकी होत चालली तसतशी तिला आतून गंमत वाटत होती. उरली होती फक्त टोकाची खोली. तिची स्वतःची. ती तिनं मुद्दाम शेवटाला ठेवली होती, लहान मुलं ताटातला आवडीचा घास शेवटाला ठेवतात तशी.

"लाकूड नाही म्हणजे?"

मिस्त्रीनं उजवा कान पुढं केला. तिनं पुन्हा विचारलं. तो म्हणाला की तिथं रबर येणार आहे, जाड, मऊ, दवाखान्यात असतं तसलं. साहेबांनी पहिल्या दिवसापासूनच सांगून ठेवलंय, नकाशातच तसं आहे. तेव्हा वर रबर आलं की खालची कुरकुर कुणाला ऐकू जात नाही, उगाच पाय कशाला दुखवून घेता. मग तिचा चेहरा पाहून, गंमत करावी म्हणून, तो बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "चांगलं असतं, ताई. पडलं तरी लागत नाही. उलट उसळी मारून उभं राहतं माणूस." ती हसली. तो हसला. मग तो आपली हत्यारं गोळा करायला गेला, आणि ती त्या दारात तशीच उभी राहिली, परक्याच्या घरी आत या म्हणायची वाट बघत उभं राहावं तशी.

खोली चांगली होती. तिच्यात वाईट काहीच नव्हतं. पूर्वेला खिडकी होती, खिडकीतून शेजारच्या आवारातल्या झाडाची एक फांदी दिसायची, आणि न्हाणीघराचं दार खोलीतूनच होतं. भावानं भिंती कमरेएवढ्या असताना तिला इथं आणून उभं केलं होतं आणि म्हटलं होतं, ही तुझी. तेव्हा तिनं दार पाहिलं नव्हतं, कारण दार नव्हतंच. भिंतीत नुसती एक फट होती. आता चौकट बसली होती. आठवडाभर ती रोज पाहत होती की मिस्त्री प्लायवूडचा तक्ता घेऊन इतर खोल्यांत शिरताना तो आडवा करतो, तिरका करतो, कोपर खरचटलं की शिवी हासडतो, आणि या खोलीत मात्र सरळ चालत जातो. डोळ्यांनी पाहिलं होतं, पण मनापर्यंत गेलं नव्हतं. आता तिनं दोन्ही हात पसरून चौकटीच्या दोन्ही बाजूंना लावून पाहिले. हात पुरले, पण ताणावे लागले. एवढ्या रुंद दारातून माणूस चालत जात नाही. एवढ्या रुंद दारातून माणसाला नेतात.

आईचं शेवटचं वर्ष भावाच्या जुन्या फ्लॅटमध्ये गेलं होतं. तिथली जमीन आरशासारखी गुळगुळीत होती, भावजयीला तिचा अभिमान होता, पाहुणे वाकून आपलं तोंड बघून घ्यायचे. पलंग आणि न्हाणीघर यांच्या मधोमध आई पडली, आणि खुब्याचं हाड गेलं. मग चाकांची खुर्ची आली, आणि खुर्ची आल्यावर कळलं की ती न्हाणीघराच्या दारातून जात नाही. चार बोटं कमी पडायची. त्या चार बोटांपायी भाऊ दिवसातून कितीतरी वेळा आईला उचलायचा. लहानपणी अगदीच किरकोळ म्हणून त्याला सगळे चिमण्या म्हणायचे. आता पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, केस गेलेला हा चिमण्या आईला दोन्ही हातांवर घेऊन दारातून तिरका होत आत जायचा, आणि आई प्रत्येक वेळी म्हणायची, ठेव रे, पाठ मोडेल तुझी. ताई रविवारी जायची तेव्हा तिनं हे पाहिलं होतं. एकदा आईचं डोकं चौकटीला लागलं. फार नाही, ठक् एवढाच आवाज झाला. भाऊ तिला आत बसवून बाहेर आला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच सुमारास त्यानं जागा घेतली. नकाशा काढून घेतला. घराचा पाया भरला त्या दिवशी आई होती; भिंती वर आल्या तेव्हा नव्हती. आणि नकाशा कुणी बदलला नाही. नकाशाला कोण कशाला हात लावेल? ज्याची त्याची कामं ठरलेली होती, गवंड्यानं दार रुंद सोडलं, सुताराला मऊ जमिनीचं सांगितलेलं होतं, घर आपलं वर येत राहिलं.

आई गेल्यावर काही दिवसांनी भाऊ तिच्या भाड्याच्या खोलीवर आला होता. ही खोली एका लाँड्रीच्या वर होती, खालून दिवसभर वाफ यायची आणि थंडीतही पायाखालची जमीन कोमट असायची. पलंगाच्या कडेवर बसून, हातातला कप फिरवत तो म्हणाला होता, "नव्या घरात एक खोली आहे तुझ्यासाठी." तिचे डोळे भरून आले होते. आज दारात उभी राहून तिला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं, आणि ते जसं होतं तसं ऐकू आलं. बांधतोय, असं तो म्हणाला नव्हता. आहे, म्हणाला होता. एक खोली आहे. रिकामी झालेली. आणि परक्यांच्या हॅलोवरून रोग ओळखणाऱ्या बाईला सख्ख्या भावाच्या तोंडचा एवढा एक शब्द ऐकू आला नव्हता.

ती त्या दिवशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बोलायचं काय होतं? कुणी तिला फसवलं नव्हतं. ज्याच्या घरी जाऊन राहायचं त्यानं जमीन लाकडाची करावी की रबराची, हा काय भांडणाचा विषय झाला? ती रोजच्यासारखी येत राहिली. मिस्त्रीनं फळ्या बसवायला घेतल्या. आणल्यापासून त्या दिवाणखान्यात रचून ठेवल्या होत्या, त्यांना घराची हवा लागू द्यावी लागते, नाहीतर बसवल्यावर फुगतात. आता दोरी ताणून पहिली ओळ लागली. एका फळीच्या कडेची जीभ दुसरीच्या खाचेत घालायची, वर लाकडाचा ठोकळा धरून हातोडी मारायची, की फट मिटून जायची. भिंतीलगत मात्र बोटभर जागा मोकळी सोडायची. ताई फळ्या निवडून द्यायची. दोन काळपट शेजारी येऊ नयेत, गाठीशेजारी गाठ येऊ नये. ताज्या लाकडाचा आंबटगोड वास तिच्या केसांत बसायचा, खोलीवर गेल्यावर उशीला यायचा. आणि ओळीमागून ओळ जमीन पुढं सरकत होती. दिवाणखाना झाला, भावाची झोपायची खोली झाली, मधला बोळ झाला. भरतीचं पाणी पायऱ्यांपर्यंत यावं तशी ती जमीन एका दुपारी तिच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. फळ्यांच्या जाडीएवढा एक खड्डा पडला: अलीकडे चकचकीत, पलीकडे उघडं प्लायवूड, त्यावर मिस्त्रीच्या बुटांचे ठसे. मिस्त्री म्हणाला की इथं एक उतरती पट्टी मारू, म्हणजे ठेच लागायची नाही.

एकदा भावजय चहाचा थर्मास आणि पडद्यांचे तुकडे घेऊन आली. ताईला ती कधी वावगं बोलली नव्हती. नव्या जमिनीवर ती अनवाणी दोन फेऱ्या मारून आली, आणि मग खिडकीत बसून हळू आवाजात सांगू लागली, की तुम्ही येताय ते फार बरं झालं, ताई. हे रात्ररात्र झोपत नाहीत. उठतात, पाणी पितात, तिकडं फ्लॅटमध्ये आईंच्या खोलीच्या दारापाशी जाऊन उभे राहतात. विचारलं तर म्हणतात, सवय. आई गेल्यापासून त्यांचं नावही काढलं नाही यांनी. तुम्ही असलात म्हणजे कसं, कुणाचं तरी करायला मिळेल, त्यांना जरा हात कुठं ठेवायचा ते कळेल. ताईनं मान हलवली. हात कुठं ठेवायचा. तिला एकाएकी आपल्या हाडांचं वजन जाणवलं, कुणीतरी उचलून घेतल्यावर जाणवावं तसं.

आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती तिनं कधीच कुणाला सांगितली नव्हती. वडील गेले तेव्हा ती नुकती कॉलेजात होती. ते सोडून ती टेलिफोनवर लागली, भाऊ शिकला, मोठा झाला. सगळ्यांनी म्हटलं, पोरीनं भावासाठी संसार केला नाही. तिच्या निवृत्तीच्या समारंभात भाऊ उठून उभा राहिला आणि हेच म्हणाला, आणि तिच्या जुन्या मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. ती कपातल्या चहावरची साय बघत राहिली. खरं असं होतं की तिला ते आवडलं होतं. पहाटेच्या पाळीला रिकाम्या इमारतीत एकटीनं दिवा लावणं, कानाला यंत्र लावणं, शहर जागं व्हायच्या आत शहराचा श्वास ऐकणं. दोन-तीन स्थळं आली होती. एक माणूस तर चांगला होता, बोलताना मध्येच थांबून विचार करायचा. त्याला तिनं नाही म्हटलं, आणि घरी येताना तिला इतकं हलकं वाटलं की ती एक थांबा अलीकडेच उतरून चालत आली. तिनं काहीच दिलं नव्हतं. जे हवं ते घेतलं होतं. पण जो माणूस तुमच्यासमोर हात जोडून उभा आहे, त्याला हे सांगायचं कसं? तो हात कुठं ठेवील मग?

सुटीच्या दिवशी भाऊ आला तो काखेत रबराचे नमुने घेऊन. मिस्त्री जेवायला गेला होता. तिच्या खोलीत उकिडवं बसून त्यानं तीन तुकडे प्लायवूडवर मांडले, राखी, हिरवट, मातकट, आणि अंगठ्यानं दाबून दाखवू लागला की बघ, कसं आत जातं आणि परत वर येतं. तुला कुठला आवडतो? तो दमलेला दिसत होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. ताई दारातच उभी होती.

"हे दार एवढं रुंद का रे?"

"सोयीचं असतं."

"कुणाच्या सोयीचं?"

त्याचा अंगठा राखी तुकड्यावरच राहिला. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं.

"आईच्या," तो म्हणाला. "तुला काय, माहीत नव्हतं? मला वाटलं, तुला माहीत असेल." मग तुकडा पुन्हा दाबत, "आई नाही, पण तू आहेस ना. दार काय वाया जाणार आहे?"

"चिमण्या, मी अजून बसमागे धावते. पकडतेसुद्धा."

"आत्ता पकडतेस," भाऊ म्हणाला.

त्यात दुष्टपणा नव्हता. तो तिच्याकडे बघतही नव्हता. पण ताईला दिसलं, की याच्या मनात ती केव्हाच पडलेली आहे, तिचं हाड केव्हाच मोडलेलं आहे, आणि तो या वेळी चौकटीला न लावता तिला नीट आत नेणार आहे. त्यासाठी तो वर्षभर तयारी करतोय. तिनं फक्त यायचं. यायचं आणि हळूहळू आई व्हायचं.

"मी इथं राहायला येणार नाही," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा सौम्य निघाला. "येत जाईन. रविवारी येईन, हवं तर राहीन एखादा दिवस. पण माझी खोली आहे तीच बरी आहे."

त्यानं मान वर केली. "काही चुकलं का माझं? ही काही बोलली का?"

"कुणी काही बोललं नाही."

"मग लोक काय म्हणतील, तू सगळं आयुष्य माझ्यासाठी…"

"नाही रे," ती म्हणाली, आणि खाली त्याच्यासमोर बसली, मोज्यांतले पाय पोटाशी घेऊन. आणि मग तिनं सांगितलं. त्या चांगल्या माणसाला नाही म्हणून आल्यावर केवढं हलकं वाटलं ते. पहाटेचं. दिव्याचं. लग्न करायचंच नव्हतं तिला, भाऊ शिकला नसता तरी केलं नसतं. तू माझं काही देणं लागत नाहीस, तू मोकळा आहेस. ती एवढं सलग कधी बोलली नव्हती. शेवटी शेवटी तर तिला आपलाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटू लागला. भाऊ ऐकत होता. पापणी न हलवता ऐकत होता. ती थांबल्यावर त्याचे डोळे भरून आले.

"मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस तू," तो म्हणाला. "तू अशीच आहेस पहिल्यापासून."

दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर बसली होती, गुडघ्याला गुडघा लागेल एवढं जवळ, आणि तिला वाटलं की आपण दोन वेगळ्या इमारतींत बसलोय आणि मधली तार कुणीतरी काढून नेलीय. हे आता असंच राहणार. तो मरेपर्यंत तिचे आभार मानत राहील, आणि ते आभार दुसऱ्याच कुणा बाईला पोचत राहतील.

शेवटी त्यानं विचारलं, मग या खोलीचं काय करू. ती म्हणाली, लाकूड घाल, बाकीच्या घरासारखं. त्यानं ते तुकडे एकावर एक ठेवले, पुन्हा वेगळे केले, पुन्हा ठेवले. मग तसाच मागं कलून उघड्या प्लायवूडवर आडवा झाला आणि डोळ्यांवर हात घेतला. ताई उठली नाही. त्याचं पोट वरखाली होताना बघत राहिली, तो जागा आहे की झोपलाय हे न विचारता.

घरमालकिणीला तिनं सांगितलं की मी खोली सोडत नाही. घरमालकीण आधी चिडली, नवीन माणसाला शब्द दिला होता म्हणाली. मग म्हणाली, बरंच झालं, तो माणूस बाजा वाजवायचा. भावजय दोन दिवस फोनवर तुटक बोलली आणि तिसऱ्या दिवशी नेहमीसारखी बोलली. मिस्त्रीनं काही विचारलं नाही. त्यानं ताईला बोलावून घेतलं, टोकाच्या खोलीत चालायला लावलं, खिडकीखाली दोन फुल्या मारल्या, स्क्रू पिळले. फळ्या सरत आल्या होत्या, आखूड तुकडेच जास्त उरले होते, म्हणून त्या खोलीतली जमीन बाकीच्या घरापेक्षा जरा बारीक सांध्यांची झाली. उतरती पट्टी लागली नाही. बोळातून आत जाताना पायाला कळतसुद्धा नव्हतं की आपण खोली बदलली. दार मात्र रुंदच राहिलं, ते बदलायचं म्हणजे भिंत फोडायला लागली असती.

मग रंगारी आला. किडकिडीत, वयस्कर, मिशीवर जुन्या कुठल्या घराचा पांढरा शिंतोडा तसाच राहिलेला. नव्या जमिनीवर त्यानं जुन्या चादरी अंथरल्या. ताई त्या दिवशी सहज आली होती, भाऊही होता. रंगारी एकेका खोलीत शिरून विचारत होता, ही कुणाची, कुठला रंग; भाऊ सांगत होता, ही आमची, फिका पिवळा; ही मुलीची, सुटीत येते तेव्हा, तिला आकाशी हवाय. असं करत तिघं टोकाच्या खोलीत आली.

"ही कुणाची?"

ताईनं खिडकीकडे पाहिलं. पाहुण्यांची, असं तो म्हणेल. किंवा अशीच, कुणाची नाही. दोन्हींपैकी जे येईल ते ऐकायची तिनं तयारी केली.

"आईची," भाऊ म्हणाला.

तिनं वळून पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. एवढ्या महिन्यांत तो शब्द त्यानं पहिल्यांदाच परक्या माणसासमोर, मोठ्यानं उच्चारला होता, आणि आता काय होतंय ते बघत असल्यासारखा उभा होता.

"मग त्यांना कुठला रंग आवडतो?" रंगाऱ्यानं विचारलं.

भाऊ भिंतीवरून हात फिरवू लागला. मग म्हणाला, "ताई, तुला माहीत असेल."

तिनं आठवून पाहिलं. आई डोळ्यांसमोर आली, भांडी पुसताना, दार उघडताना, खुर्चीत बसून मान एका बाजूला टाकून झोपलेली. पण रंग कुठं दिसेना. घरं भाड्याची होती, भिंती मालकाच्या रंगाच्या. कपडे जे मिळतील ते. तुला काय आवडतं, असं तिला विचारल्याचं एकही वाक्य ताईच्या कानांत नव्हतं. तिच्या स्वतःच्या आवाजात नव्हतं, दुसऱ्या कुणाच्याही नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "मला माहीत नाही."

"निळा असेल," भाऊ घाईनं म्हणाला. "निळी शाल होती तिची. सारखी पांघरायची."

"ती मी दिली होती. मला आवडली म्हणून."

रंगाऱ्यानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. हातातला डबा त्यानं चादरीवर ठेवला, आणि स्वतः भिंतीला टेकून खाली बसला, पाय लांब करून.

"सावकाश आठवा," तो म्हणाला. "मला घाई नाही."